ह्यांचा डोळा लागलाय

"हळू बोल. ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय," दार किलकिलं करून काकू म्हणाल्या.

विचारपूसवालीनं मान डोलावली आणि हीटरचं खोकं आवाज न करता आत सरकवलं. ते उचलून जिने चढताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता. थंडी सुरू झाल्यापासून नगरपालिकेच्या वतीनं ती शहरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना रोज सकाळी फोन करायची. जेवलात का, नळाचं पाणी गोठलं नाही ना, औषधं आहेत ना. तिचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं; सगळे तिला विचारपूसवालीच म्हणत. ह्या घरातून फोनवर कायम काकूच बोलत. हे अंघोळीला गेलेत. हे रुसून बसलेत. ह्यांना फोनवर बोलायचा भारी कंटाळा. घरात पाऊल टाकायची तिची ही पहिलीच वेळ.

आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. टेबलावर चहाचे दोन कप होते. एक रिकामा, दुसऱ्यावर साय धरलेली.

नगरपालिकेतल्या साहेबांनी कालच बजावलं होतं, प्रत्येक माणूस डोळ्यांनी पाहून या. म्हातारं माणूस एकटं असलं आणि भ्रमिष्टासारखं वागत असलं, तर थंडी सरेपर्यंत त्याला सभागृहात हलवायचं. तिथं ओळीनं खाटा मांडून ठेवल्या होत्या. मागच्या हिवाळ्यात तिकडे नेलेल्यांतले फार थोडे पुन्हा आपल्या घरी आले होते, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते तिला ठाऊक होतं.

"रविवारी बागेत रोषणाई आहे, मग तिथंच गाणी." तिनं हिवाळ्याचं पत्रक पुढं केलं. "तुमच्यासाठी दोन पास आणलेत."

"ह्यांना गर्दी सोसत नाही. तूच जा, तुझ्या ह्यांना घेऊन."

"आमचे हे कुठले बाहेर पडतात."

काकूंनी तिच्या अंगातल्या स्वेटरकडे पाहिलं. पुरुषी स्वेटर, बाह्या दुमडून वर घेतलेल्या.

"ह्यांचाच ना?"

"हो."

"ऊब आहे?"

"आहे की," ती म्हणाली आणि घाईनं खोक्याची दोरी सोडायला लागली. "हीटर कुठे लावू?"

"ह्यांच्या खोलीत लाव."

खोलीचं दार बंद होतं आणि फटीतून गार वारा पायांना लागत होता. अशा बंद दारांमागे हिवाळ्यात कधी कधी काय सापडतं, ते तिनं ऐकलं होतं. तिनं मन घट्ट केलं आणि कडी काढली.

खोलीत कुणीच नव्हतं. पलंगावरची चादर सुरकुती नसलेली, पांघरूण एका बाजूनं उघडून ठेवलेलं, उशीला मधोमध खळगा. खिडकी सताड उघडी होती आणि धुकं सरळ आत येत होतं. क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या रिकाम्या पलंगाचीच भीती वाटली.

"खिडकी उघडी लागते ह्यांना," मागून काकू म्हणाल्या. "नाहीतर श्वास कोंडतो."

"काकू, काका कधी..."

"तो शब्द नको उच्चारूस." काकूंचा आवाज अगदी शांत होता. "मी भ्रमिष्ट नाही गं. मला सगळं ठाऊक आहे. समाचाराला आलेली माणसं पहिल्याच दिवशी 'ते, ते' करायला लागली. 'ते' म्हटलं की माणूस लांब जातं. 'हे' म्हटलं की निदान घरात राहतं." त्यांनी पुन्हा एकदा स्वेटरकडे पाहिलं. "तुला वेगळं सांगायला नको."

विचारपूसवालीच्या घरी दाराशी बुटांचा एक जोड होता. वर्षभर ती त्याच्या भोवतीनं केर काढत आली होती. साऱ्या गावाची विचारपूस करणारीला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि आता कुणी विचारलं तर तिला रडू आलं. तिनं खाली बसून हीटरची पिन लावली, बटण दाबलं. तारा हळूहळू लाल झाल्या.

"खिडकी लावावी लागेल, काकू. नाहीतर गारठून जाल तुम्ही. काकांना विचारून बघा."

काकू पलंगाशी वाकल्या. काहीतरी पुटपुटल्या, थांबल्या, परत पुटपुटल्या.

"आधी नाहीच म्हणत होते," सरळ होत त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून हट्टी. मग म्हणाले, एवढं म्हणतेस तर लाव."

दोघींनी मिळून खिडकी लावली. काच गच्च बसेपर्यंत विचारपूसवालीनं हात काढला नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेब होते. त्यांचा आवाज असा, की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"पाहिलंत का दोघांना? का म्हातारी एकटीच आहे? गाडी त्याच बाजूला आहे, लगेच पाठवतो."

काकूंनी पलंगाची कड धरली. त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"दोघं आहेत, साहेब. बरी आहेत."

"म्हातारबुवांशी बोललात?"

"नाही. ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय."

"कुणाचा?" आवाज खोलीभर घुमला. "ह्यांचा म्हणजे कुणाचा?"

विचारपूसवालीनं पलंगाकडे पाहिलं आणि फोनवर हात आडवा धरला.

"साहेब," ती कुजबुजली, "जरा हळू बोला."