गोलातल्या सह्या

साहेबांनी कागद उचलून खिडकीसमोर धरला. फंडातला कंपनीचा वाटा निम्म्यावर आणला, त्याविरुद्धचा अर्ज. खाली एक्केचाळीस सह्या, गोलात. पहिली कुणाची ते ब्रह्मदेवालाही कळू नये म्हणून गोलात. ही अक्कल समोर उभ्या असलेल्या जुन्या फिटरची, आणि गोलही त्याच्याच हातचा. कागद मग डब्यांच्या कपाटातून हातोहात फिरला. गोल काढताना पाहिलं होतं ते फक्त पत्र्यावर मापांची आखणी करणाऱ्या बाईनं.

"मधोमध भोक आहे," साहेब म्हणाले.

होतंच. सुईच्या टोकाएवढं, उजेड आरपार. चहाची बशी उपडी ठेवून पेन्सिल फिरवली असती तर काही पत्ता लागला नसता. पण तीस वर्षं पत्र्यावर गोल काढणारा माणूस बशीवर कसा भागवणार? घेतलं पोलादी कर्कटक, रोवलं टोक, फिरवलं. वर स्वतःवरच खूश झाला होता.

"बाकीच्यांशी माझं भांडण नाही. गोल ज्यानं काढला तो उद्यापासून घरी. तुम्ही सगळ्यात जुने, म्हणून तुम्हाला विचारतो. कर्कटक कुठं असतं?"

फिटरला रिटायर व्हायला सात महिने होते. मध्येच काढलं तर शेवटी हातात पडायचं तेही गेलं.

"आखणीच्या टेबलावर," तो म्हणाला.

खोटं नव्हतं. गोल काढून झाल्यावर त्यानं ते तिथंच ठेवलं होतं. पण त्या टेबलावर एकच बाई बसते, हे त्याला ठाऊक होतं आणि साहेबांनाही. साहेब, ते माझं आहे. चार शब्द बोलायचे होते. तो दार ओढून बाहेर आला.

बाई आत गेली आणि दहा मिनिटांत बाहेर आली. ॲप्रन काढून घडी घातली, डबा पिशवीत टाकला. फिटर खाली मान घालून कानस चालवत होता. हातातला तुकडा केव्हाच मापाखाली गेला होता.

ती त्याच्याजवळ आली. कर्कटक त्याच्यापुढं ठेवलं.

"दादा, हे तुमचं. साहेबांनी विचारलं, तुझं का? मी हो म्हटलं."

"अगं, पण का?"

"तुम्ही टेबल सांगून आला होतात. तुमचं नाव घेतलं असतं तर काढला म्हणून तुम्ही आणि लपवलं म्हणून मी, दोघंही गेलो असतो." तिनं पिशवी खांद्याला लावली. "मी कुठंतरी बघेन काम. तुमचे सातच महिने राहिलेत."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या मागं चार पावलं जायचं, तेही त्याच्यानं झालं नाही.

जेवणाच्या सुट्टीत कुणी डबा उघडला नाही. वेल्डर कोरा कागद घेऊन आला, त्याच्या मागं सगळे.

"दादा, तिच्यासाठी अर्ज करायचा. तो गोल तिचा नव्हे, मी पैजेवर सांगतो. ज्यानं काढला तो मूग गिळून बसलाय. बसू दे मेल्याला." त्यानं कागद फिटरपुढं सरकवला. "पुन्हा गोलातच सह्या करू. काढा तुम्ही, तुमच्यासारखा हात कुणाचाय?"

कर्कटक फिटरच्या खिशात होतं. टोक मांडीला टोचत होतं. एकोणचाळीस माणसं त्याच्या हाताकडं बघत होती.

"एक बशी आणा," तो म्हणाला.