आवाज आल्याशिवाय

पंचाक्षरी आप्पांनी कॉम्प्युटरचा डबा चाँदचाचांच्या दुकानातल्या टेबलावर ठेवला आणि टेबलामागे कोण बसलंय हे दिसताच त्यांनी मान फिरवली. शिवकन्या बसली होती. चाचांकडचं कॉम्प्युटरचं काम तीच करायची.

चार महिन्यांपूर्वी याच आप्पांनी मठात, दहा माणसांसमोर आपल्या मुलाशी ठरलेली तिची सोयरीक मोडली होती. "पोरगी कॉम्प्युटरवर परक्या पोरांसंगं गप्पा मारती. असली सून आमाला नको." तिच्या वडिलांनी साखरपुड्याची साडी पिशवीत घालून निमूट परत दिली. तेव्हापासून त्यांनी मठाची पायरी चढली नव्हती. पण परळीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारं दुसरं दुकान नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. आप्पांना तर नाकारलेल्या सुनेचेच धरायचे होते.

"काय झालं?" तिनं विचारलं.

आप्पांचा मुलगा श्रीशैल तिच्याकडे न बघता चाँदचाचांना म्हणाला, "चाचा, मी बसलेला असतानाच लाइट गेली. आता नुसतं प्रोफाइल खराब झालं म्हणून दाखवतंय. त्यात सुरतच्या व्यापाऱ्यांची पत्रं हायेत."

"लई महत्त्वाची हायेत," आप्पांनी दुजोरा दिला. "एकबी जाऊ नये."

विजेच्या कारखान्याची राख परळीवर आणि भारनियमनही परळीवरच. शिवकन्येनं तारा जोडल्या. डोक्यावर पंखा खडखडत होता. बाकावर विठ्ठलराव टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले होते. मठातल्या त्या दहा माणसांत तेही होते, आणि त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळच्या आत अख्ख्या मोंढा बाजारात पोचते.

मशीन सुरू झालं आणि तिला हसूच आलं. पत्रं कसली? तो गप्पा मारायचा प्रोग्राम होता. श्रीशैलच्या प्रोफाइलची फाइल अर्धवट लिहिली जाऊन मोडली होती, पण शेजारच्या फोल्डरमधली जुनी संभाषणं जशीच्या तशी होती. प्रत्येक संभाषण जपून ठेवायची खूण त्यानं स्वतःच करून ठेवली होती. आलेली चिठ्ठी न् चिठ्ठी तारेला टोचून ठेवणाऱ्या घरातला पोरगा तो, टाकून देणं त्याला जमतंय कशाला? तिनं नवं प्रोफाइल तयार केलं, जुनी संभाषणं त्यात आणून ठेवली आणि नीट आली का बघायला एक उघडलं.

श्रीशैलनं जानेवारीत मित्राला लिहिलं होतं. अक्षरं इंग्रजी, भाषा घरचीच.

'शिवकन्यात खोट काय न्हाई. पण मला लातूरची एक पोरगी चॅटिंगवर पटली हाय. हिच्यावरच चॅटिंगचा आळ घालतो. आप्पा लगेच मोडतील.'

तिनं ते दोनदा वाचलं. एक बटण दाबलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं, लातूरच्या पोरीसकट. बोट बटणापर्यंत गेलंही होतं. पण त्यानं वडिलांची मान वर झाली नसती. मान दहा माणसांत खाली गेली होती, ती माणसांतच वर यायला हवी होती. तिनं बोट मागे घेतलं.

"झालं," ती म्हणाली.

श्रीशैल घाईनं तारा काढायला पुढे झाला. चाँदचाचांनी सोल्डरिंगची डागणी हातात धरूनच त्याला अडवलं. चाचांचं हे दुकान मुळात रेडिओ दुरुस्तीचं. दुरुस्त झालेला रेडिओ मालकासमोर वाजवून दाखवायचा, मगच द्यायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. कॉम्प्युटर आले तरी नेम तोच.

"मालक कोन? आप्पा ना? मग आप्पाला दाखव, बेटी."

"दाखव की," आप्पा म्हणाले. "सगळी पत्रं आली का बघू दे."

"चाचा, कशाला? मी घरी बघतो." श्रीशैलचा आवाज चिरकला.

शिवकन्येनं पडदा आप्पांकडे वळवला. इंग्रजी अक्षरं आप्पांना येत नव्हती. त्यांनी मुलाला पुढे ओढलं. "वाच. काय म्हणतोय सुरतवाला?"

श्रीशैल पडद्याकडे बघत म्हणाला, "साड्यांचे गठ्ठे... सोमवारी पाठवतो म्हणतोय."

"आप्पा," शिवकन्या म्हणाली, "ते सुरतचं पत्र न्हाई. तुमच्या पोरानं लिवलंय. त्यात माझं नाव हाय, तुमचं बी हाय."

"ही खोटं बोलती! सूड घेती माझ्यावर!"

"घेतेच हाय," ती म्हणाली. "पण खोटं एक अक्षर न्हाई."

आप्पांनी उभा जन्म गिऱ्हाइकाचं तोंड बघून कापड विकलं होतं. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. मग स्टूल ओढून खाली बसले.

"जे लिवलंय तेच वाच."

"आप्पा, घरी गेल्यावर..."

"हितंच."

श्रीशैल पुटपुटायला लागला. बाकावर विठ्ठलरावांनी कानामागे हात नेला.

"जोरात, बेटा," चाँदचाचा म्हणाले. "आवाज आल्याबिगर मशीन दुकानाभाईर जात न्हाई."

शिवकन्या उठली आणि तिनं पंखा बंद केला.