शिरूरचं मशीन बंद करून

दीक्षानं कॉम्प्युटरमागची इंटरनेटची वायर उपटली आणि मोबाइल कानाला लावला.

"आता उघड," ती म्हणाली.

दौंड स्टेशनाजवळच्या आपल्या सायबर कॅफेत रुद्र दोन नंबरच्या मशीनसमोर बसला होता. डिप्लोमाला दीक्षा आणि तो एकाच वर्गात होते. बराच वेळ त्याच्या बोटांचा आवाज तेवढा येत राहिला.

"पांढरं पान हाय. काय येईना."

"एक नंबरच्या मशीनवर गाणी हायत ना?"

"हायत की. पण दोन नंबरला त्याचा पत्ताच लागंना."

दीक्षानं वायर परत खोचली. एक वीस झाले होते. दोनला लाइट जाणार ती संध्याकाळीच येणार. दीक्षा शिकवायची तो शिरूरचा हा कॉम्प्युटर क्लास मागच्या आठवड्यात बंद पडला होता; नऊ कॉम्प्युटर खाली टेम्पोत चढले होते आणि दहाव्यासाठी टेम्पोवाला भैरू दारात उभा होता. दीक्षाच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. आज जमलं तर जमलं.

"ताई, नगर गाठायचंय मला," भैरू म्हणाला.

"दोन वाजेपर्यंत थांबा मामा. मग न्या."

बाकावर तिची मावशी साखरबाई बसली होती. न्हावऱ्याहून सकाळच्या एसटीनं आली होती. कांदा खुरपता खुरपता तिनं रचलेली बेचाळीस गाणी दीक्षानं टाइप करून एका फुकटच्या वेबसाइटवर ठेवली होती. कंपनीनं एका रात्रीत ती साइट गुंडाळली. गाणीही गेली. फ्लॉपीत एक प्रत होती म्हणून निभावलं, पण तेव्हापासून दीक्षाचं मन कशात लागेना. मग तिला हा ब्राउझर सापडला. देशोदेशीच्या अनोळखी लोकांनी मिळून लिहिलेला, कोड सगळ्यांना खुला. यात पान एका कंपनीच्या दारात राहत नाही. जो उघडतो त्याच्याकडं त्याची प्रत राहते, आणि पुढच्याला ती त्याच्याकडून मिळते. तीन महिने, क्लास सुटला की ती तो कोड उतरवून घ्यायची, कंपाइल करून त्याचा चालता प्रोग्राम बनवायची, चुका निघाल्या की पुन्हा पहिल्यापासून.

"सारखी उठबस कशापायी करतीस?" साखरबाई म्हणाली. "दम घे की जरा."

दीक्षा बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. कोणतं पान कोणाकडं आहे याची यादी मशीन कुठं बघतं, ते तिनं शोधून काढलं आणि तिचा हात माउसवरच थांबला. यादी एकाच ठिकाणी होती. याच मशीनवर, म्हणून वायर उपटली की ती कुणालाच मिळेना. प्रत्येकानं आपापली यादी ठेवायची सोय मूळ कोडात होती. कंपाइल लवकर व्हावं म्हणून तिनंच ती पहिल्या दिवशी बंद केली होती.

"काय झालं गं?"

"सगळ्यांची यादी माझ्याच दारात आणून ठेवली होती मी, मावशी."

तिनं ती सोय चालू केली आणि कंपाइल लावलं. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. भैरू जिना उतरून गेला, परत आला. एक चाळीसला कंपाइल संपलं. फाइल दौंडला जायला बारा मिनिटं लागली. त्या बारा मिनिटांत दीक्षानं नखं कुरतडून संपवली. रुद्रनं दोन्ही मशीनवर नवा ब्राउझर बसवला. एक नंबरवर गाणी उघडली, म्हणजे तिथं प्रत पोचली.

दोनला एक मिनिट कमी होतं. तिनं वायर उपटली.

"दोन नंबरवर उघड."

फोनमधून एका मालगाडीचा आवाज आला. ती पुरी निघून गेली.

"आलं," तो म्हणाला. "आख्खं आलं."

दीक्षा खाली फरशीवरच बसली. छतावरचा पंखा मंदावला आणि थांबला. तिनं रुद्रला वाचायला सांगितलं आणि फोन मावशीच्या हातात दिला.

"खुरप्याच्या मुठीनं मातीत," रुद्र वाचू लागला, "मातीत लिहिलं बाबाचं नाव…"

"न्हाई," साखरबाईनं त्याला अडवलं. "लिहिलं न्हाई. गिरवलं. मला लिहाया कुठं येतंय?"

दीक्षानं मान खाली घातली. टाइप करताना तो शब्द तिनंच बदलला होता. बरा दिसेल म्हणून.

भैरूनं आधी सीपीयू खाली नेला, मग मॉनिटर छातीशी धरून उचलला आणि पायानं चाचपत जिना उतरू लागला.

"मावशी," फोनमधून रुद्रनं विचारलं, "मी बदलू का हितं?"

दीक्षा काही सांगेल म्हणून साखरबाईनं तिच्याकडं पाहिलं. दीक्षा रिकाम्या टेबलाकडं बघत होती.

"बदल की बाबा," साखरबाई म्हणाली. "आता तुझ्यापाशी हाय ते."