तीन नंबरचा माग

"सारिका, तुझा ठेका लंगडतोय," जुबेर म्हणाला. "दर चौथा ठोका उशिरा पडतो. लॅपटॉपवर घे, चुटकीसरशी सरळ होईल."

जुबेरच्या रॅपला ठेके सारिका द्यायची, तेही जुन्या बाजारातून आणलेल्या, तिच्याहून वयानं मोठ्या सॅम्पलरवर. त्या खोक्यात कुठलाही आवाज भरायचा आणि बटणांवर बोटं आपटून तो वाजवायचा. बाबा त्याला खेळणं म्हणायचे. इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमाग चालवून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे सारिकाचं काम त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

चहा घेऊन बाबा आत आले. कप ठेवताना त्यांचा तळवा वाजत्या स्पीकरवर टेकला आणि तिथंच राहिला.

"हा माझा तीन नंबरचा माग!" ते ओरडले. "भंगारात गेला न्हवं?"

सारिकानं सॅम्पलरकडं बोट दाखवलं. मालकानं माग भंगारात विकायच्या आदल्या दिवशी तिनं कारखान्यात जाऊन त्याचा आवाज त्यात भरून घेतला होता. मग तिनं बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "जुबेर म्हणतोय, लंगडतोय. सरळ करू का?"

"खुळा हाय का त्यो? चाल हाय ती त्या मागाची! मालकानं जॉबर मिस्त्रीकडनं दोनदा दुरुस्त करून घेतला, तर धागं तुटाय लागलं. हात लावू नगं."

त्यांनी दुसराही तळवा स्पीकरवर ठेवला. बोटं ठेक्यासोबत हलू लागली.

"आवाज वाढीव, पोरी. गल्लीला कळू दे, आमचा माग कुणी चालू केलाय."