एक्केचाळीस अटी

"अजून एक 'इफ' टाक आणि मोकळी हो," चौबळ सर म्हणाले. रक्त तपासणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर होतं. प्रत्येक नव्या यंत्रासाठी त्याच एका फाईलमध्ये 'इफ'ची, म्हणजे 'असं असेल तर'ची, अट वाढवायची. एक्केचाळीस झाल्या होत्या.

शर्वाणीने कीबोर्ड पुढे ढकलला. "मागच्या अटीने जुन्या यंत्राचे आकडे बिघडले, सर. धडधाकट बाईला आपण किडनी निकामी झाल्याचं कळवलं. त्या फाईलला मी अट जोडणार नाही."

"मग दुसरी नोकरी बघ."

"बघेन. आधी हे पुरं करू द्या."

आठवडाभर खपून तिने 'फॅक्टरी' लिहिली, म्हणजे मागितलेल्या यंत्राचा कोड पुरवणारा प्रोग्रॅम. प्रत्येक यंत्राचा क्लास, म्हणजे कोडचा स्वतंत्र तुकडा, वेगळा. त्या क्लासने फॅक्टरीत आपलं नाव नोंदवायचं आणि हवा तेव्हा फॅक्टरीने नेमका तोच काढून द्यायचा.

सरांनी मुद्दामच एक अवघड यंत्र पुढे केलं. तिने एक छोटी फाईल जोडली, बाकी कशालाही धक्का लावला नाही. पडद्यावर सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास झाल्या.

"बरं, नवी यंत्रं अशी जोड," सर नरमले. "जुनी राहू देत तिथंच."

"एकही राहणार नाही," ती म्हणाली, आणि त्यांच्यादेखतच पहिली अट तिने उपटून काढली.