दारामागचा दिवा

गवंडी बाहेर पायरीवर घण घेऊन बसला होता आणि आत आई भिंतीला पाठ लावून उभी होती. डावा हात प्लास्टरमध्ये, उजवा मागे स्विचबोर्डावर. भिंतीला हात लावायचा नाही, हे तिनं सकाळपासून सांगून सांगून घसा बसवून घेतला होता.

धाकट्या लेकीचं डोकं फिरलं होतं. भिंत तिला हौस म्हणून फोडायची नव्हती. पहिल्या खोलीला खिडकी नाही, दार लावलं की भरदिवसा गुहा. त्याच गुहेत आई पडली आणि मनगट मोडून घेतलं. भिंत फोडून खिडकी काढायची, बोर्ड दाराच्या पुढे आणायचा. एवढंच. पण आईपुढे कोण बोलणार?

म्हणून तिनं मॅडमना बोलावलं होतं.

मॅडम कॉलेजात लष्करी भूगोल शिकवायच्या. फौज जिथं राहते तिथले रस्ते, मैदानं, घरं आणि त्यानं माणसं कशी घडतात, यावर त्यांचं पुस्तक चाललं होतं. आई म्हणाली, भूगोल म्हणजे नद्या-डोंगर ना, माझ्या घरात कुठला डोंगर सापडला? मॅडम हसल्या आणि टेप लावून मोजायला लागल्या.

घर मोजण्यासारखंच होतं. बाप फौजेतून रिटायर झाला आणि त्यानं हुबेहूब फौजी क्वार्टर बांधलं, चुकीसकट. क्वार्टरचा नकाशा सगळीकडे एकच. त्यात कुण्या शहाण्यानं दार उघडायची बाजू बदलली आणि बोर्ड हलवायला विसरला. दार उघडलं की बोर्ड दारामागे गडप. आत यायचं, टाचेनं दार लावायचं आणि मग अंधारात पाठीमागे हात घालायचा. जिथं बदली तिथं हीच बोंब. बांधताना गवंडी बापाला हसला होता. बाप म्हणाला, पोरांच्या हाताला सवय आहे, राहू दे.

त्यातलं एक पोर, थोरला, वरच्या बर्फातल्या चौकीवरून बेपत्ता झालं. मेला असं फौजेनं कधी लिहून दिलं नाही आणि आईनं कुणाला म्हणू दिलं नाही. नंतर बापही गेला.

“काकू, बोर्ड इकडे आला तर काय बिघडेल?” मॅडमनी विचारलं. धाकटीनं त्यांना फोनवरच पढवून ठेवलं होतं, तुम्ही शिकलेल्या, तुमचं ऐकेल ती.

“तो आला तर?” आई म्हणाली. “डोकं गेलं असेल त्याचं. नाव विसरला असेल, माझं तोंड विसरला असेल. दिवा लागला तर कळेल ना त्याला, आपलंच घर आहे म्हणून.”

मॅडम समजुतीनं बोलल्या. हात असं काही लक्षात ठेवत नाही, चार महिने दुसरीकडे राहिलं की जुनी सवय मोडते. आई ऐकत गेली. पुस्तकातलं असेल तर खरं असेल, असं तिच्या तोंडावर दिसायला लागलं. शेवटी ती भिंतीपासून सुटली आणि खाटेवर जाऊन बसली. प्लास्टरचा हात मांडीवर, उशी ठेवावी तसा.

गवंड्याला चहा देऊन लावते कामाला, म्हणत धाकटी दिवा घालवून आत गेली. मॅडम गाडीतून कॅमेरा आणायला बाहेर गेल्या. भिंत फुटायच्या आधी फोटो हवा होता.

परत आल्या तेव्हा एका हातात स्टँड, दुसऱ्या हातात पिशवी. त्या आत आल्या, टाचेनं दार ढकललं, पिशवी काखेत मारली आणि मागे न बघता हात घातला. दिवा लागला.

समोर खाटेवर आई. तिची पापणी लवत नव्हती.

“कुठल्या क्वार्टरात होतीस?”

मॅडमच्या काखेतली पिशवी घसरली. खूप लहान होते, म्हणाल्या. आठवतही नाही काही.

चहाची कपबशी घेऊन धाकटी दारात थांबली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. वर्षभर मिनतवाऱ्या करून आई एकदाची भिंतीपासून हलली होती आणि या बाईनं एका हातानं सगळं मातीत घातलं. तिनं कपबशी जमिनीवर आदळली.

“चुकून लागला,” ती म्हणाली. “मॅडम, बाहेर जा. परत या.”

“अगं, कशाला...”

“जा म्हणते ना.”

तिनं दिवा घालवला आणि तिथंच बोर्डाजवळ उभी राहिली. मॅडम बाहेर गेल्या. दार उघडलं, उजेडाची पट्टी खोलीभर पसरली, दार लागलं, पट्टी गेली. अंधारात मॅडमचा हात पलीकडच्या भिंतीवर थापा मारायला लागला. वर, खाली, पुन्हा वर.

“नाही हो सापडत,” मॅडम म्हणाल्या. वर्गात बोलावं तसा सरळ आवाज.

“बघ आई,” धाकटी म्हणाली. “ऐकलंस ना?”

खाट करकरली. मग आई बोलली. रागानं नाही, उलट मायेनंच.

“दार मात्र टाचेनं लावलंस, पोरी.”

थापा थांबल्या.

बाहेरून गवंड्यानं हाक मारली, ताई, घालू का घाव? त्यानं पुन्हा विचारलं.

दिवा लागला. धाकटी भिंतीला पाठ लावून उभी होती. एक हात मागे, बोर्डावर. सकाळपासून आई उभी होती, अगदी तशीच.