वाचून दाखवणारी बाई

अपडेटनंतर संगणक नीट सुरू झाला, पण वर्तमानपत्र वाचून दाखवणारी बाई काही बोलेना. डोळे गेल्यापासून गेली चार वर्षं जगन्नाथरावांची सकाळ संगणकात बसवलेल्या त्या वाचक प्लगइनच्या आवाजाने सुरू व्हायची.

मुलगी फोनवरून सांगत होती, "आई, त्याच्या नावापुढे दोन बटणं असतील. 'चालू करा' दाब. 'काढून टाका'ला मात्र हात लावू नकोस."

कुमुदची खुर्ची पुढे सरकल्याचं जगन्नाथरावांनी ऐकलं. मग आणखी पुढे. माउस टिकटिकला.

"अहो, ते नावच गेलं इथून."

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या जगन्नाथरावांचा पारा चढला. "एवढी ठळक अक्षरं समोर असून तुला दिसत नाहीत?"

"नाही दिसत," कुमुद म्हणाली. "दिवाळीपासून सगळं धुरकट झालंय. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला झालं तेच मलाही झालंय."

"आई, झालं का सुरू?" फोनवर मुलगी विचारत होती.

जगन्नाथरावांना भात आठवला. दिवाळीपासून जेवताना दाताखाली खडे येत होते, आणि ते रोज वाण्याला शिव्या घालत होते.